पडद्यावरचा सावकार आणि आमची वही

चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, प्रतिक्रमण होते आणि मग वरवट बकालसारख्या गावात रात्र फार मोठी वाटू लागते. बँकेची नोकरी होती तेव्हा रात्र केव्हा सरली हे कळत नसे. आता निवृत्तीनंतर ती मोजावी लागते. यंदा आषाढात नातवाने आपल्या हुशारीने घरातील टीव्ही इंटरनेटला जोडून दिला आणि आम्ही उभयतांनी ठरवले की आठवड्यातून एक चित्रपट पाहायचा, मात्र तो पाहण्यासारखा असावा. नातू सातवीत आहे, त्यामुळे निवड जपूनच करावी लागली. त्या चित्रपटांविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच हेतू होता. परंतु लेखणी भलतीकडे वळली. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रारंभ ‘मदर इंडिया’ने झाला. १९५७ सालचा मेहबूब खान यांचा हा चित्रपट मी महाविद्यालयात असताना पाहिला होता, पण त्या वेळी लक्ष नर्गिसकडे आणि नौशादच्या संगीताकडे होते. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा असल्यामुळे आम्ही तो दोन रात्रींत पाहिला. चित्रीकरणाच्या वेळी आग भडकली असता सुनील दत्त यांनी नर्गिसना वाचवले आणि पुढे त्यांचा विवाह झाला, ही कथा सौ.ने नातवाला मोठ्या रसाने सांगितली. माझे मन मात्र या वेळी कन्हैयालाल यांनी रंगवलेल्या सुखीलालाकडे लागले होते. हीच भूमिका त्यांनी मेहबूब खान यांच्याच ‘औरत’ या १९४० सालच्या चित्रपटातही केली होती. ‘मदर इंडिया’ ही त्याचीच पुन्हा केलेली आवृत्ती. लग्नासाठी घेतलेल्या ५०० रुपयांच्या कर्जावर तीन-चतुर्थांश पीक केवळ व्याजापोटी नेणारा हा सावकार दोन पिढ्यांच्या प्रेक्षकांच्या मनात ‘लाला’ म्हणून कायमचा बसला.

दुसऱ्या रात्री चित्रपट संपला आणि नातवाने विचारले, “दादाजी, माझ्या वर्गातला मित्र म्हणतो की आमचे नाव तुमच्या दुकानाच्या वहीत आहे. मग आपणही सुखीलालाच का?”

घरात कोणी काही बोलले नाही. माझा मुलगा बी-बियाणे व खतांचे दुकान चालवतो. त्याआधी त्याच जागेत माझ्या बाबूजींचे किराणा आणि कापसाच्या अडतीचे दुकान होते. उधारीवाचून ते दुकान तेव्हा चालले नसते आणि आजही चालत नाही. मी नातवाला “नाही रे” म्हणून गप्प करू शकलो असतो. पण एम.कॉम. झालेल्या माणसाला पुराव्यावाचून ताळेबंदावर सही करण्याची सवय नसते. मी म्हणालो, “उद्या माळ्यावरच्या वह्या काढू.”

लाल कापडात बांधलेल्या त्या वह्या आम्ही आजोबा-नातवाने तीन दिवस चाळल्या. काही खात्यांवर, नापिकीच्या वर्षी, केवळ मुद्दल घेऊन बाकीपुढे बाबूजींच्या अक्षरात ‘छूट’ असे लिहिलेले सापडले. दिवाळीपूर्वी प्रत्येक शेतकऱ्याला समोर बसवून त्याचे खाते मोठ्याने वाचून दाखवण्याची त्यांची रीत मला आठवते. ऐकल्यावर शेतकऱ्याने मान डोलावली की मगच ते पान उलटत. परंतु दोन खाती अशीही निघाली की ज्यांत थकलेले व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावले होते. दामदुप्पट हा आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राचा नियम आहे: व्याज मुद्दलाहून अधिक मागू नये. त्यांपैकी एका खात्यात ही मर्यादा ओलांडली गेली होती. बाबूजींनी असे का केले, हे सांगायला आता ते नाहीत. मी नातवाला दोन्ही प्रकारची पाने दाखवली.

त्याला एक गोष्ट समजावण्याचा प्रयत्न केला, तीच येथे मांडतो. सुखीलालाचा अपराध व्याज घेण्यात नव्हता. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती आणि तिने अंगठा कशावर उठवला हे केवळ त्याच्या वहीला ठाऊक होते, यात तो होता. आपल्या तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, आणि अचौर्याच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे वजन-मापात कमी-अधिक करणे, हे स्पष्ट सांगितले आहे. श्रावकाला व्यापार वर्ज्य नाही. पण त्यातली लबाडी कोठे शिरते, हे आपल्या आचार्यांना पुरेपूर ठाऊक होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे शोधून जाळले. त्यांचा राग सर्वांत आधी कागदावर होता. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या समाजात अशा चित्रपटांवर ‘आम्हाला बदनाम करतात’ म्हणून रागावण्याची प्रथा आहे. मला वाटते, रागावण्यापूर्वी एकदा आपापला माळा पाहावा.

मध्ये विरंगुळा म्हणून काही हलके पाहावे असा सौ.चा आग्रह होता, पण पाहिला गेला तो आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थीसियस’. त्यातील मैत्रेय हा साधू प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी न्यायालयात लढतो. स्वतःला यकृताचा असाध्य विकार जडल्यावर, प्राण्यांवर तपासलेली औषधे नाकारतो आणि अन्नत्यागाकडे वळतो. धर्माचे नाव चित्रपटात कल्पित आहे, पण तो साधू आपल्याला परका वाटत नाही. नीरज कबी यांचे झिजत गेलेले शरीर पाहवत नाही. शेवटी तो उपचार स्वीकारतो, हे सौ.ला मुळीच पटले नाही. मला मात्र त्यात पराभव दिसला नाही. आमचा वाद अद्याप मिटलेला नाही. चित्रपट इंग्रजी-हिंदी मिश्र आहे व लहान मुलांसाठी नाही. मोठ्यांनी अवश्य पाहावा.

‘गाभ्रीचा पाऊस’ हा सतीश मनवर यांचा २००९ चा चित्रपट आपल्या विदर्भाचा, आपल्या वऱ्हाडी बोलीचा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर एका बाईला आपल्या नवऱ्याची धास्ती वाटू लागते आणि ती लहान मुलाला बापाच्या मागे पाळतीवर ठेवते. विषय इतका भीषण असून चित्रपटात हसूही येते. कारण खेड्यात संकटातही माणसे हसतात. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांचा अभिनय उत्तम. मुलगा दुकान बंद करून मध्येच येऊन बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही. दुबार पेरणी म्हणजे काय, हे बियाणे विकणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही: बियाणे दोनदा उधार जाते आणि पीक आले तर एकदाच येते.

आणि मग ‘कडवी हवा’. २०१७ चा, नीला माधब पांडा यांचा. संजय मिश्रा यांनी आंधळा म्हातारा शेतकरी साकारला आहे आणि रणवीर शौरी बँकेचा वसुली करणारा माणूस झाला आहे. गावकरी त्याला यमदूत म्हणतात. या चित्रपटात लाला नाही, वही नाही. आहे ती बँक. म्हणजे मी! तो वसुलीवाला दुष्ट नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावरचे त्याचे घर समुद्राच्या तोंडाशी आहे, कुटुंबाला तेथून आणण्यासाठी त्याला पैसा हवा आहे. तो नियमाने वागतो.

मीही नियमानेच वागलो होतो. नव्वदच्या दशकात एका शाखेत कर्जविभाग माझ्याकडे होता. खारपाणपट्ट्यातील एक शेतकरी मुदत मागायला आला. पीक गेले होते, परंतु त्याच्या गावाची आणेवारी पन्नास पैशांच्या वर जाहीर झालेली असल्यामुळे कर्जाचे पुनर्गठन बसत नव्हते. मी तसे सांगितले. वरच्या कार्यालयाला एक शिफारसपत्र लिहिता आले असते; मार्चअखेर जवळ होती, मी ते लिहिले नाही. आठ दिवसांनी त्याने बैलजोडी विकून सर्व रक्कम भरली. त्या वर्षी आमच्या शाखेच्या वसुलीचे कौतुक झाले. माझ्या वहीत कूटलेख नव्हता, माप खोटे नव्हते. तरीही ‘कडवी हवा’ संपल्यावर मला झोप आली नाही.

दर संवत्सरीला मी मोबाईलवरून दोनशे जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवतो. त्यांतील बहुतेकांचा मी कधी काही अपराध केलेला नसतो. यंदा संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मुलाला म्हटले, “मला मोटारसायकलवरून एका गावाला ने.” तो शेतकरी आता थकला आहे, पण हयात आहे. त्याने मला ओळखले, खाट टाकली, नातसुनेला चहा सांगितला. मी हात जोडून ते पत्र न लिहिल्याचे सांगितले. तो थोडा वेळ अंगणाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “साहेब, बैल तं मले तसेही इकाचेच होते.” हे खरे होते की दारी आलेल्या पाहुण्याचे मन राखण्यासाठी तो बोलला, हे मला कळले नाही. विचारण्याचे धैर्यही झाले नाही. त्याच्या गोठ्यात आज एक शेळी आहे.

घरी आल्यावर नातवाने विचारले, “त्यांनी माफ केले?” मी म्हणालो, “चहा पाजला.”

सुखीलालाच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला अजून पूर्ण दिलेले नाही. मात्र मुलाने आणि मी एक ठरवले आहे. बाबूजींची रीत संगणक आल्यावर दुकानातून गेली होती. ती या दिवाळीपासून पुन्हा सुरू करायची. लक्ष्मीपूजनापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याचे खाते त्याच्यासमोर वाचायचे आणि वाचायला नातवाने बसायचे. त्याच्या मित्राच्या वडिलांचे खाते पहिले.

वरील चित्रपट आपणही घरच्यांसह पाहावेत. जय जिनेंद्र.