दोन क्रॉसांमधला शाफ्ट

ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो
शुक्रवार, रात्री

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज डेन्व्हरहून निघून रॉकी पर्वत ओलांडला. आयसेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथून रस्ता उतरत उतरत कोलोरॅडो नदीच्या काठाला लागतो, आणि ग्लेनवूडच्या घळईत तर नदी, आगगाडीचे रूळ आणि महामार्ग एकमेकांना खेटून चालतात. त्या घळईबद्दल सविस्तर लिहीन, पण आज मन गाडीतच अडकलं आहे.

जीप मैत्रिणीची. २००१ सालची रँग्लर, ‘टीजे’ म्हणतात ते मॉडेल. आधीच्या मालकाने चार इंच लिफ्ट करून ३३ इंची टायर घातलेले. ताशी ७५ किलोमीटरपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालते. त्यापुढे बुडाखालून घरघर सुरू होते आणि नव्वदला आरसा इतका थरथरतो की मागची गाडी कोणत्या रंगाची आहे एवढंच कळतं. निघण्याआधी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं होतं. काही फरक पडला नाही.

आपल्या गॅरेजमध्ये कुणी “गाडी हलते” म्हणत आलं की तुम्ही आधी पाना हातात घेत नव्हता. कधी हलते, किती वेगाला, रेस दिल्यावर की सोडल्यावर, हे विचारून घ्यायचात आणि मग शेजारी बसून कोल्हापूर नाक्यापर्यंत चक्कर मारायचात. आज सपाट रस्ता लागल्यावर आम्ही तेच केलं. नव्वदच्या वेगात चौथ्यातून पाचव्यात टाकली. इंजिनाचे फेरे उतरले, घरघर तशीच राहिली. म्हणजे इंजिन नाही. न्यूट्रल करून सोडून दिली तेव्हा जरा हलकी झाली, पण गेली नाही. पुन्हा गिअरमध्ये घेऊन रेस दिली की लगेच वाढली. स्टिअरिंग मात्र हातात स्थिर होतं. उंच केलेल्या जीपांना पुढची चाकं जोरजोरात हेलकावण्याचा एक भयंकर आजार असतो, इकडे त्याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. तो हा नव्हे.

हिशेबही मांडला. ३३ इंची टायर नव्वदच्या वेगाला सेकंदाला साधारण साडेनऊ फेरे घेतो. मागचा गिअर ४.१० चा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ३९ फेरे फिरतो. टायरचा दोष असता तर हादरे जवळजवळ मोजता आले असते. आम्हाला बसतंय ते त्याच्या कितीतरी पट बारीक आहे, सीटमधून पाठीत भिनणारं. उद्या मोॲबला पोचून गाडीखाली शिरते.

तुमची लेक

मोॲब, युटा
रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

या गावात गाडीखाली झोपलेल्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही. १९६७ पासून दर ईस्टरला इथे जीपवाल्यांची मोठी जत्रा भरते. आजूबाजूच्या लाल खडकांतल्या बऱ्याच वाटा १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी पाडल्या, काही सरकारच्या अणुऊर्जा आयोगाने. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या भूवैज्ञानिकाला इथे जवळच मोठा साठा सापडला आणि फळबागांचं हे गाव एकदम खाणींचं झालं. खाणी संपल्या तरी रस्ते राहिले, आणि आज गावाचं पोट बरंचसं त्या रस्त्यांवर भरतं.

आता शाफ्ट. टीजेला पुढच्या चाकांना मोकळं करणारे हब नाहीत, त्यामुळे टू-व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट सतत फिरत राहतो. संशय मागच्यावर होता, पण आधी पुढचा उतरवला. त्याला कारण आहे. मागच्या शाफ्टचं वरचं टोक ट्रान्स्फर केसमध्ये सरकतं बसलेलं असतं. तो ओढून काढला की तिथून सगळं तेल खाली. पुढचा नुसता बोल्टांवर असतो. जोडांवर रंगाच्या खुणा केल्या, म्हणजे परत बसवताना होता तसाच बसेल, आणि तो गाडीत ठेवून हायवे १९१ वर चक्कर मारली. हादरा जसाच्या तसा. पुढचा शाफ्ट संशयातून सुटला.

मग मागचा हाताने चाचपला. कुठे पोचा नाही, बॅलन्सची वजनं जागेवर, चिखल चिकटलेला नाही, दोन्ही टोकांचे योक एका रेषेत. ट्रान्स्फर केसच्या शेपटातल्या बुशला खेळ नाही. खालच्या क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकत्या जोडाच्या, एका वाटीभोवती मात्र तांबूस भुकटी दिसली. ग्रीस संपून आतल्या सुया कोरड्या घासू लागल्या की ही भुकटी येते, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. क्रॉस बदलला. आवाज किंचित मऊ झाला, थरथर राहिली. क्रॉस मेला होता तो हादऱ्याने. हादऱ्याचं मूळ दुसरीकडेच होतं.

ते कोनात सापडलं. लोहचुंबकाने चिकटणारा काट्याचा कोनमापक इथे सुट्या भागांच्या दुकानात स्वस्तात मिळतो. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी ठेवूनच मोजायचं. जॅकवर चढवली की मागच्या ॲक्सलचं हाउसिंग खाली लोंबतं आणि सगळे आकडे खोटे येतात. ट्रान्स्फर केसचं तोंड मागच्या बाजूला ४ अंश खाली झुकलेलं. शाफ्टचा उतार २० अंश. शाफ्टचं खालचं टोक ज्याला जोडलेलं असतं त्या पिनियनचं नाक १३ अंश वर उचललेलं. म्हणजे वरच्या क्रॉसवर २० उणे ४, १६ अंश. खालच्यावर २० उणे १३, फक्त ७.

बाबा, सगळा रोग या दोन आकड्यांत आहे. क्रॉस वाकून फिरतो तेव्हा त्याच्यापुढचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंशांचा असेल तर हा फरक हजारात एकदीड, कळतही नाही. १६ अंशांना तो दोन्ही बाजूंना शेकडा चारपर्यंत जातो. सोळाव्या शतकातल्या कार्दानोचं नाव या जोडाला चिकटलं आहे, आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा बारकाईने अभ्यास केला. एका जोडाने घातलेली ही ओढाताण दुसरा जोड पुसू शकतो, मात्र दोन्ही कोन सारखे असतील तरच. ट्रान्स्फर केसची आणि पिनियनची रेषा समांतर असेल तर वरचा क्रॉस जेवढा वेग बिघडवतो तेवढाच खालचा सुधारतो. इथे १६ ने बिघडवलेलं ७ ने कसं सुधारणार? उरलेला धक्का सेकंदाला ७८ वेळा पिनियनवर बसत होता. तीच ती घरघर.

आधीच्या मालकाने काय केलं असेल ते दिसतंच आहे. गाडी उचलल्यावर शाफ्ट उभा झाला, खालचा क्रॉस फार वाकलेला वाटला, म्हणून त्याने मागचं हाउसिंग चासीशी जोडणारे वरचे दोन्ही आर्म लांब करून पिनियनचं नाक शाफ्टकडे वळवलं. डोळ्यांना ते बरोबरच वाटतं. शाफ्ट सरळ दिसू लागतो. दोन क्रॉसांच्या शाफ्टला मात्र खालचा एकट्याचा कोन कमी करणं म्हणजे वरच्याचा जोडीदार काढून घेणं. पाट्यांच्या गाड्यांना हाउसिंग आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचर घालून लोक हेच करतात, आणि मला खात्री आहे की अशा कितीतरी गाड्यांचे शाफ्ट विनाकारण पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगच्या लेथवर चढतात.

टीजेला हे जास्त भोवतं, कारण तिचा मागचा शाफ्ट फारच आखूड. चाकांमधलं अंतरच मुळात ९३.४ इंच. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस यांनी जागा व्यापल्यावर शाफ्टला हातभरही लांबी उरत नाही. लांब शाफ्टवर चार इंचांनी कोन थोडा वाढतो, आखूडावर झपाट्याने. याच गाडीचं लांब रूप २००४ ला आलं, चाकांमध्ये दहा इंच जास्त. तेवढीच लिफ्ट ते बरंच सहज पचवतं.

अंधार पडला. उद्या दुरुस्ती.

तुमची लेक

मोॲब
मंगळवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वाटेत करता येण्याजोगं जे होतं ते केलं. गाडीच्या पोटाखालचा जाड पत्रा आणि चासी यांच्यामध्ये एक इंचाचे सहा स्पेसर घातले. गिअरबॉक्सचं शेपूट याच पत्र्यावर टेकलेलं असतं, त्यामुळे ट्रान्स्फर केस इंचभर खाली आली. बोल्ट वीस वर्षांचे, गंजलेले. आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं आणि सकाळी प्रत्येक बोल्ट थोडा पुढे थोडा मागे करत काढला. एकही तुटला नाही. ट्रान्स्फर केसचा लिव्हर मात्र फोर-लोमध्ये पुरता पडेना. केस खाली आल्याने त्याच्या दांड्यांचं माप चुकलं होतं, ते नव्याने जुळवावं लागलं.

मग वरचे आर्म सारखे आखूड करत पिनियन खाली आणला. पुन्हा चाकांवर उभी करून मोजलं: ट्रान्स्फर केस ६ अंश, शाफ्ट १७, पिनियन ६. दोन्ही क्रॉस ११-११. शेवटी पिनियन आणखी एक अंश खाली ठेवला, कारण रेस दिल्यावर चाकांच्या जोराने हाउसिंग पिळवटतं आणि नाक वर चढतं. उभ्या गाडीत लावलेला कोन चालत्या गाडीत जुळलेला हवा.

हायवेवर नव्वदला आरसा स्वच्छ. मागच्या ट्रकवरची अक्षरं मैत्रिणीने मोठ्याने वाचून दाखवली. शंभरच्या पुढे बारीक गुणगुण अजून आहे, आणि ती या शाफ्टने जाणार नाही. पिनियन आता एकसारखा फिरतो, पण दोन क्रॉसांमधला शाफ्ट स्वतः अजूनही फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतोच. ११ अंश हायवेसाठी जास्तच.

आज शेफर ट्रेलने उतरलो. आधी गुरं नेण्याची पायवाट, मग युरेनियमचे ट्रक चढवण्यासाठी रुंद केलेली. कड्याच्या उभ्या भिंतीत कोरलेली वळणं, कठडा नाही. पहिल्या लो गिअरमध्ये, ब्रेक जवळपास न लावता जीप चालत्या माणसाच्या वेगाने उतरली. एवढ्या कमी वेगात कोन जुळो न जुळो, हादरा जाणवतच नाही. म्हणून फक्त खडकांवर चालवणारे, गाडी ट्रेलरवर घालून आणणारे लोक हा आजार वर्षानुवर्षं अंगावर काढतात. खडकात धोका वेगळा असतो. एक चाक हवेत लोंबलं की शाफ्ट आणखी उभा होतो आणि एका योकचे कान समोरच्या योकला अडकू शकतात. उतरण्याआधी मागचा भाग जॅकवर उचलून, हाउसिंग पूर्ण लोंबू देऊन शाफ्ट हाताने फिरवून पाहिला होता. कुठे घासत नव्हता.

खाली पोटॅशच्या रस्त्याने परतताना नदी गढूळ तांबडी, खडकांसारखीच. एका खडकाच्या पायरीवर पोटाचा पत्रा घासला. स्पेसरांनी घेतलेला तो एक इंच तिथे हवा होता. एवढा खर्च करून गाडी उंच करायची आणि मग तिचं पोट खाली आणायचं, हे मला पटत नाही. तात्पुरतं ठीक आहे.

तुमची लेक

डेन्व्हर
शनिवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. येताना रायफल गावापासून वादळी वारा होता, तरी गाडी नव्वदला शांत.

आज नव्या शाफ्टचं माप दिलं. त्याआधी ट्रान्स्फर केसचं सरकतं शेपूट काढून तिथे केसमधून निघणारा आखूड शाफ्ट आणि पक्का योक बसवला. सरकण्याची सोय नव्या शाफ्टच्या पोटातच असेल. त्यामुळे शाफ्ट काही इंच लांब होतो, उतार कमी होतो, आणि पुढेमागे शाफ्ट उतरवला तरी तेल सांडत नाही. वरच्या टोकाला डबल कार्डन, म्हणजे एका घरात पाठोपाठ दोन क्रॉस आणि मध्ये त्यांना नेमक्या मध्यावर धरणारी गोळी. वरचा सगळा कोन ते दोघे अर्धा अर्धा वाटून घेतात आणि ओढाताण तिथल्या तिथे पुसतात. खालच्या एकट्या क्रॉसला मग पुसायला काही उरत नाही, म्हणून तो जवळजवळ सरळ लागतो. अर्थात पिनियन पुन्हा वर उचलायचा, शाफ्टच्या रेषेच्या एखाददोन अंश खाली थांबवायचा. आधीच्या मालकाची दिशा या शाफ्टसाठी बरोबर होती, त्याच्याकडे हा शाफ्ट नव्हता. स्पेसरही मग काढून टाकू.

माप पक्क्या योकपासून पिनियनच्या योकपर्यंत, गाडी चाकांवर, टाकी भरून घेतलं. शाफ्ट आला की आधी तो बसवून मोजणार, मग आर्मला हात लावणार. दोन्ही एकदम नाही. वरच्या आर्मच्या धाग्यांवर आत्ताच्या जागेची खूण करून ठेवली आहे.

आईला सांगा, घरी पोचल्या पोचल्या जेवले. कराडच्या पावसाचं काय झालं ते कळवा.

तुमची लेक