स्विचच्या पोटातला मुकादम

आम्ही तिघे वायर ओढणारी माणसे. दोन भाऊ आणि एक भाची. भिंतीला भोक पाडायचे, पट्टी ठोकायची, केबल ओढून टोकाला जॅक बसवायचा, आणि कंपनीचे साहेब येऊन पेटी चालू करीत तोवर जिन्यात बसून डबा खायचा, हे काम आम्ही बरीच वर्षे केले. पुढे भाचीने शिक्षण घेतले, पेटीला लॅपटॉप जोडून आतले वाचायला लागली, आणि आम्हालाही वाचायला लावले. त्यातून जे हाती आले ते वाचकांना सांगतो. आपल्या घरांतली पुष्कळ मुले आता नेटवर्किंगचे वर्ग करतात. त्यांच्या आईबापांनाही ही मुले नेमके काय शिकतात ते कळावे.

ऑफिसातले संगणक, प्रिंटर, कॅमेरे यांच्या केबल ज्या पेटीत येऊन मिळतात, ती स्विच. छताला पांढरी तबकडी लावलेली असते आणि तिच्यातून वाय-फाय मिळते, ती ॲक्सेस पॉइंट. घरात एक यंत्र पुरते. दोन मजल्यांच्या ऑफिसात सहा तबकड्या लागतात आणि तिथून खरी कटकट सुरू होते. प्रत्येकीला नाव द्या, पासवर्ड द्या, चॅनेल द्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले व्यवहारात तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दोघी एकाच चॅनेलवर बोलू लागल्या की दोघींचे काम मंदावते. कोणी नोकरी सोडून गेला की पासवर्ड सहा ठिकाणी बदलायचा. पाच ठिकाणी बदलतात, सहावे राहून जाते.

म्हणून या तबकड्यांवर एक मुकादम नेमतात. त्याचे नाव वायरलेस कंट्रोलर. पासवर्ड त्याला एकदाच सांगायचा, तो सहाही जणींना कळवतो. कोणी कोणत्या चॅनेलवर आणि किती जोराने बोलायचे तेही तोच ठरवतो. मुकादम आणि तबकडी यांच्या बोलण्याच्या रीतीला कॅपवॅप म्हणतात. तिचे नियम २००९ साली छापले गेले.

पण हा मुकादम म्हणजे वेगळी पेटी आणि वेगळा खर्च. लहान ऑफिसला तो झेपत नाही. काही ठिकाणी शाखेच्या तबकड्या दूरच्या मुख्य कचेरीतल्या मुकादमाला बांधून देतात. मग एका खोलीतल्या लॅपटॉपवरून त्याच खोलीतल्या प्रिंटरवर कागद काढायचा तरी माहिती आधी मुख्य कचेरीत जाते आणि तिथून परत येते! नेहमीच असे होते असे नाही, वेगळी मांडणीही करता येते. पण आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे.

सिस्को कंपनीने २०१३ साली कॅटॅलिस्ट ३८५० हा स्विच आणला आणि त्याच्या पोटातच मुकादम बसवला. सुरुवातीला त्याची मर्यादा ५० तबकड्या आणि २,००० उपकरणे अशी होती. लहान ऑफिसला एवढ्याची गरज नसते. वायरलेसची माहिती त्याच पेटीत उतरते आणि तिथूनच वायरच्या वाटेला लागते, फेरा नाही. तबकडीला वीजही त्याच केबलमधून मिळते. या स्विचच्या २४ जोडण्यांच्या एका प्रकारात ७१५ वॉटचा वीजपुरवठा असतो आणि त्यातले ४३५ वॉट जोडण्यांना वाटता येतात. म्हणजे चोवीसही जोडण्यांना प्रत्येकी १५.४ वॉट दिले तरी पुरून उरते.

आमच्या भागातल्या कामगारांच्या एका पतसंस्थेत आम्ही असा स्विच बसवला. लॅमिंग्टन रोडवरून जुना घेतला. दुकानदाराला पैसे देण्याआधी पेटी चालू करायला लावली. त्याला ते आवडले नाही. पण या स्विचवर ‘लॅन बेस’ परवाना असेल तर मुकादम जागा होत नाही. किमान ‘आयपी बेस’ लागतो, आणि हे वरून डबा बघून समजत नाही. आणखीही अटी आहेत. तबकडी थेट याच स्विचला जोडलेली पाहिजे, मध्ये दुसरा स्विच चालत नाही. मुकादम ज्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्यातल्या ज्या गल्लीत राहतो, त्याच गल्लीत तबकड्याही पाहिजेत. परदेशातून आलेल्या जुन्या तबकडीवर दुसऱ्या देशाचा शिक्का असेल, तर मुकादम तिला कामावर घेत नाही. वर्गात हे पाठ करून घेतात. हाताने एकदा केले की पाठ करावे लागत नाही. वर्गाची फी भरण्याआधी मुलांनी एवढे विचारावे, की खरा स्विच हाताळायला मिळणार की नुसती चित्रे?

सर्व काम एकाच पेटीवर आले, ही या सोयीची दुसरी बाजू. ती थांबली की वायरही गेली आणि वाय-फायही गेले. म्हणून आम्ही वीजपुरवठ्याचा दुसरा डबा त्याच पेटीत बसवला आणि यूपीएस जोडला. भाचीने सगळी मांडणी एका वहीत हाताने उतरवली. चालू असलेल्या सॉफ्टवेअरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि दोन्ही वस्तू संस्थेच्या कपाटात ठेवल्या. सचिव हसले. “अहो, कॉम्प्युटरच्या कामाला वही कशाला?”

२०२३ च्या जूनमध्ये ती वही निघाली. शिक्षणासाठीची कर्जे त्याच आठवड्यात वाटायची होती. देखभालीचा करार एका दुकानाकडे होता. त्यांचा माणूस रविवारी आला आणि स्विचचे सॉफ्टवेअर ‘नवे करून’ गेला. आता, या स्विचमधले मुकादमाचे काम १६.३ या आवृत्तीपर्यंतच आहे. पुढच्या आवृत्त्यांतून ते काढून टाकलेले आहे, आणि कंपनीच्या कागदांत तसे स्पष्ट लिहिले आहे. त्या माणसाने ते वाचले नव्हते. सोमवारी सहाही तबकड्या मुकादमाला शोधत दिवे उघडमीट करीत बसल्या. कर्जाचा विभाग वरच्या मजल्यावर, आणि खर्च वाचावा म्हणून तिथे भिंतीत केबलची एकही जोडणी घेतलेली नव्हती. खाली वायरवरचा एकच संगणक मोकळा. रांग जिन्यात आली. तिच्यात धुणीभांडी करणाऱ्या एक ताई होत्या. मुलीची पॉलिटेक्निकची फी त्याच दिवशी पाचपर्यंत भरायची होती. “साहेब, आज होईल ना?” असे त्या प्रत्येकाला विचारीत होत्या. आम्हालाही विचारले. आम्हाला कोणी साहेब म्हणत नाही, म्हणून ते ध्यानात राहिले.

भाचीने पेनड्राइव्हवरून जुनी आवृत्ती परत चढवली. नव्या आवृत्तीने वायरलेसच्या ओळी टाकून दिल्या होत्या, त्या वहीत बघून पुन्हा टंकल्या. एक भाऊ वाचत होता, ती टंकत होती. दुपारी अडीचला पहिली तबकडी कामावर आली, मग बाकीच्या. ताईंचे पैसे साडेतीनला खात्यात जमा झाले.

तरीही आज कोणी विचारले तर वायरलेससाठी हा स्विच घ्या असे आम्ही सांगणार नाही. तो नवा विकला जात नाही. जुन्या आवृत्तीवर अडकून राहायचे म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. डब्ल्यूपीए-३ ही वाय-फायची अधिक पक्की कुलूपपद्धत २०१८ साली आली, ती यात नाही. पतसंस्थेत लोकांचा पैसा असतो, तिथे हे चालवून घेता येत नाही. आता तबकडीच्याच पोटात मुकादम मिळतो. सहांपैकी एक तबकडी बाकीच्यांवर लक्ष ठेवते. पाच-दहा तबकड्यांच्या ऑफिसला तेवढे पुरे. एकच तबकडी लागत असेल तर मुकादम नकोच.

२०२५ साली समितीपुढे आम्ही हेच मांडले. एका सभासदाने विचारले, चालते आहे ते कशाला बदलता? प्रश्न रास्त होता, पैसा सभासदांचाच. शेवटी तबकड्या बदलायच्या आणि स्विच तूर्त नुसता स्विच म्हणून ठेवायचा, असे ठरले. करारात एक ओळ वाढवून घेतली, की संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय कोणतेही सॉफ्टवेअर बदलायचे नाही. वहीला नवी पाने लावली. पासवर्ड बदलायला भाचीने तिथल्या दोन कारकून बायकांना शिकवले. त्यांतली एक तो आता आपला आपण बदलते आणि तारीख वहीत टाकते.