किस्सा आणि गवाही

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नात राहायला आली होती. सातवीत शिकते. सोबत युरोपातल्या वीरांच्या गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आली होती. दुपारी मी आडवा झालो असताना ती पुस्तक उघडं धरून उशाशी येऊन बसली.

"नाना, ये लोगां मुसलमान है ना?"

"हाँ, लिखा तो वैसाच है."

"फिर ये मूर्ती की पूजा कायकू करते?"

मी उठून बसलो. चष्मा लावला. गोष्ट होती रोलाँची. फ्रान्सचा हा वीर शार्लमेन राजाचा पुतण्या. पिरनीज पर्वताच्या घाटात लाखो मुसलमानांनी त्याला घेरलं आणि मरताना त्याने शिंग फुंकलं, अशी ती कथा. त्यातल्या मुसलमानांचे देव तीन. अपोलिन, तेर्वागान, आणि तिसऱ्या मूर्तीला तर पैगंबरांचंच नाव दिलेलं. आयुष्यात मशिदीचा उंबरा न पाहिलेल्या कुणीतरी हे रचलं असणार, हे उघड होतं. पण पोरीचा पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. "ये रोलाँ सच्ची था क्या?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तरी चटकन उत्तर देता आलं नाही. त्याचं एक जुनं कारण आहे. लहानपणी आमच्या शाळेच्या मैदानावर लढाईचा खेळ व्हायचा. गट पाडताना मला कुणी काही विचारत नसे. मी आपोआप शत्रूच्या बाजूला. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, खेळ संपल्यावर त्याच मित्रांच्या डब्यातली भाकरी मी खात असे. पण रोज हरायचं ठरलेलं असलं की पोराच्या मनात काहीतरी साचत जातं. म्हणूनच पुढे इतिहासाच्या पुस्तकांत मी वीरांपेक्षा त्यांच्या शत्रूंचाच जास्त शोध घेत राहिलो.

रोलाँ बहुधा खरा होता. शार्लमेनच्या दरबारात वावरलेल्या आइनहार्ट नावाच्या विद्वानाने राजाच्या मृत्यूनंतर, म्हणजे 814 नंतर, त्याचं चरित्र लिहिलं. त्यात 778 सालच्या या चकमकीची हकिकत आहे. मारल्या गेलेल्या तीन बड्या माणसांची नावं त्याने दिली आहेत. त्यातलं एक रोलाँचं, ब्रिटनीच्या सरहद्दीचा सुभेदार म्हणून. बस्स, एवढंच. ना शिंग, ना तलवार. काही हस्तलिखितांत तर हे नावही नाही. राजदरबाराच्या मूळ वार्षिक नोंदींत त्या साली या पराभवाचा उल्लेखच केलेला नाही. पुढच्या पिढीत नोंदी नव्याने लिहिल्या गेल्या, तेव्हा कुठे तो कबूल झाला. हार लपवण्याची सवय राजांना आजची नाही.

पण मला अडवलं ते त्या हकिकतीतल्या दुसऱ्याच गोष्टीने. आइनहार्ट सांगतो, की घाटात हल्ला करणारे बास्क होते. डोंगरातले स्थानिक लोक. मुसलमान नव्हेत! शार्लमेन स्पेनमध्ये गेला होता तोही धर्मयुद्धासाठी नाही. 777 साली बार्सिलोनाचा मुस्लीम सुभेदार सुलेमान अल्-अरबी स्वतः त्याच्याकडे पाडरबॉर्नला गेला आणि कोर्डोबाचा अमीर अब्दुर्रहमान याच्याविरुद्ध मदत मागू लागला. म्हणजे एक मुसलमान दुसऱ्या मुसलमानाविरुद्ध ख्रिस्ती राजाला बोलावत होता. फौज सारागोसापर्यंत पोचली, पण तिथल्या हुसेन नावाच्या सुभेदाराने दरवाजे उघडले नाहीत. राजा हात हलवत परत फिरला. वाटेत त्याने पाम्प्लोना या बास्कांच्या शहराची तटबंदी पाडून टाकली. पुढे घाट लागला. तटबंदीचा राग बास्कांनी तिथे काढला असावा. 15 ऑगस्टला फौजेची पिछाडी कापली गेली.

यानंतर तीनशेहून अधिक वर्षं गेली. इसवी सन 1100 च्या सुमाराला फ्रेंचमध्ये 'रोलाँचं गीत' आकाराला आलं. सुमारे चार हजार ओळींचं हे काव्य आहे. त्याचं सर्वात जुनं हस्तलिखित आज ऑक्सफर्डला आहे. तो काळ पहिल्या क्रूसेडचा. 1099 मध्ये जेरुसलेम पडलं होतं. डोंगरातल्या बास्कांवर गाणं गाऊन कुणाचं रक्त तापणार? म्हणून बास्क गेले, मुसलमान आले. एका सुभेदाराला एक ओळ पुरली होती, त्याचा महावीर झाला. आणि ज्यांचं शहर उघडं पाडलं होतं त्यांना गाण्यात जागाच उरली नाही.

हे सगळं वाचलं तेव्हा मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. चला, निदान इथे तरी आपण नव्हतो! पण इतिहास असा सोपा सुटत नाही. तेराव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न अल्-असीर लिहितो, की परतताना शार्लमेनने सुलेमानलाच कैद करून नेलं होतं, आणि फौज मुसलमानांच्या मुलखातून बाहेर पडल्यावर सुलेमानच्या मुलांनी तिच्यावर छापा घालून बापाला सोडवलं. हा छापा त्याच घाटातला असेल तर? तेव्हा तिथे आपलं कुणीच नव्हतं, असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. पण बापाला सोडवायला आलेली पोरं आणि गाण्यातले मूर्तिपूजक राक्षस यांत केवढं अंतर!

आणि दुसऱ्यांच्या गाण्याकडे बोट दाखवताना आपल्या घरात काय गायलं जात होतं?

आमचे अब्बा रात्री कंदिलाच्या उजेडात अमीर हमजाची दास्तान वाचून दाखवत. पानं पिवळी पडलेलं उर्दू पुस्तक. मोहल्ल्यातली माणसं ओट्यावर जमत. हमजा नौशेरवानच्या दरबारात जातो, कोहकाफला देवांशी लढतो, जादूगारांचे किल्ले पाडतो. हिंदुस्थानचा बलाढ्य लंधौर त्याच्याशी लढून हरतो आणि मग त्याचा जिवलग साथी होतो. आम्ही टाळ्या पिटायचो. रोलाँच्या गीतातही एका शूर मुस्लीम अमिराचं रूप वर्णन करताना कवी हळहळतो, की हा ख्रिस्ती असता तर केवढा मोठा सरदार झाला असता! दोन्हीकडे शौर्य मान्य, पण अट एकच. आमच्यात या.

हमजाही खरे होते. पैगंबरांचे चुलते. पण नौशेरवान 579 मध्ये वारला, तेव्हा ते पोरसवदा होते. कोहकाफ तर दूरच राहिला. सातवीत असताना मी हे कुठेतरी वाचलं आणि तावातावाने अब्बांना सांगितलं, की तुमचं पुस्तक खोटं आहे. अब्बा रागावले नाहीत. पुस्तक मिटत म्हणाले, "किस्सा हाय रे बेटा, गवाही नै." किस्सा ऐकायचा असतो, त्याची साक्ष काढायची नसते, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. अडचण अशी, की दुनिया किश्शालाच साक्षीला उभं करते.

म्हणून वीर खरा होता का, हा प्रश्न मला आता अर्धाच वाटतो. पुष्कळदा तो होता. उरलेला अर्धा प्रश्न असा, की त्याचा शत्रू कोण होता आणि त्याला काय हवं होतं? किस्सा शत्रूला शिंगं देतो. इतिहास निदान त्याचं गाव आणि त्याचं कारण शोधायला बसतो.

नातीला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "रोलाँ था बेटा. पर उसको मारनेवाले दुसरे थे. उनके शहर की दीवार तोडी थी राजा ने." तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "और अपने अमीर हमजा को किसने मारा?"

मग मी तिला 625 सालच्या उहुदच्या लढाईबद्दल सांगितलं. दास्तान नव्हे, सीरतच्या पुस्तकांत आहे तेवढंच. वहशी नावाचा एक हबशी गुलाम होता. मालकाने त्याला सांगितलं होतं, हमजाला मारलंस तर तू मोकळा. त्याने दुरून भाला फेकला.

पोरगी बराच वेळ गप्प होती. हमजाबद्दल विचारील असं मला वाटलं. तिने विचारलं, "फिर वो छूटा क्या, नाना?"

"छूटा," मी म्हणालो. "आगे जाके मुसलमान भी हुआ."

तिने पुस्तक मिटलं आणि पाणी प्यायला आत गेली.