आयसीयूच्या दारात विचारायचे तीन प्रश्न

'मल्टिऑर्गन फेल्युअर' हे शब्द आपण बहुतेक वेळा निधनाच्या बातमीत वाचतो. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी आत्याबद्दल ते उच्चारले, तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं सगळं.

आत्या ६८ वर्षांची, मधुमेही. मूत्रवाहिनीत खडा अडकून लघवी तुंबली, तिथे जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. दोन दिवसांत रक्तदाब कोसळला, लघवी जवळजवळ थांबली, व्हेंटिलेटर लागला.

एक सर्व्हर पडला की भार दुसऱ्यावर येतो, तसंच हे असणार, असा माझा सॉफ्टवेअरवाल्याचा अंदाज. डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्तीच बेफाम होते. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी झिरपतं, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि सगळ्याच अवयवांना प्राणवायू कमी पडतो. हाच सेप्सिस. मोठा अपघात, भाजणं किंवा स्वादुपिंडाला सूज येणं यांतूनही अवयव असेच बंद पडू शकतात.

नॉरअॅड्रेनलिन रक्तदाब धरून ठेवतं, डायलिसिस रक्त गाळतं, व्हेंटिलेटर श्वास देतो. ही सगळी साधनं वेळ मिळवून देतात. सेप्सिसवरचा खरा उपचार म्हणजे योग्य अँटिबायोटिक, शॉक असेल तर पहिल्या तासातच, आणि संसर्गाचं मूळ काढणं. आत्याला भरती केलं त्याच रात्री स्टेंट घालून तुंबलेली लघवी मोकळी केली होती.

तरी तिसऱ्या दिवशी डायलिसिसच्या कागदावर सही करायची वेळ आली, तेव्हा घरात दोन मतं झाली. "आता तिचे हाल नकोत," असं काका म्हणाले, तेही मायेनेच. आतेभावाने डॉक्टरांना विचारलं, "मूळ कारण आटोक्यात आलंय का?" उत्तर 'हो' आलं. त्याने सही केली.

आयसीयूत सहा अवयवसंस्थांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. हा 'सोफा' स्कोअर. जितका जास्त तितकं वाईट. आत्याचा १३ होता, १४ झाला, मग ११, मग ८. एकोणिसाव्या दिवशी ती वॉर्डात आली. मूत्रपिंडं सावरली, चालताना मात्र अजून भिंत धरते.

सगळेच असे परत येत नाहीत. म्हणून विचारा: कारण सापडलं का? त्यावर उपचार झाला का? कालच्यापेक्षा आज कसं आहे? दिवसेंदिवस उत्तरं वाईटच येत असतील, तर थांबायचा निर्णयही मायेचाच असतो.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तापात भ्रम झाला, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका.