चंद्रावरचा सायलेन्सर

लेगोच्या विटांतून विज्ञानकथेत शोभतील अशी वाहनं मनानेच रचायची, संचातली पुस्तिका न उघडता, हा माझा छंद. चंद्रपुरात राहणाऱ्याला त्यासाठी सिनेमे बघावे लागत नाहीत. पद्मापूर, घुग्घुसकडच्या उघड्या कोळसा खाणींत घराएवढे डंपर दिवसरात्र फिरत असतात. म्हटलं, यातलाच एक उचलून चंद्रावर न्यावा.

उचलला तो नुसत्या रूपाने. पुढे दोन चाकं, मागे चार, केबिनवर आलेलं छत, बाजूची शिडी आणि केबिनमागे वाकड्या तोंडाचा सायलेन्सर. राखाडी नळकांड्या जुळवून तो केला होता आणि सगळ्या गाडीत माझा जीव त्यावरच होता. आल्यागेल्याला आधी तोच दाखवायचो.

शेजारचे काका खाणीत डंपर चालवतात. त्यांनी गाडी सगळीकडून निरखली.

“सर, हे कुठी चालते म्हन्ता?”

“चंद्रावर.”

“मंग धूर कायचा? तिथं हवाच नाही, तं डिझेल पेटन कसं?”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. सायलेन्सर तेव्हाच काढला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. मी मात्र छातीठोकपणे म्हणालो, “खरं तर ही मंगळावरची आहे.” काका बिचारे मान डोलावून गेले. मंगळाच्या विरळ हवेत सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे आग विझवायला वापरतात तोच वायू, हे मला अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

मग वाचायला बसलो. हे खरं तर पहिली वीट लावण्याआधी करायचं होतं. 1971 साली अपोलो 15 बरोबर चंद्रावर गेलेली गाडी बॅटरीवर चालायची, चारही चाकांना वेगळी मोटर होती, आणि टायर रबराचे नव्हतेच. तारेच्या जाळीचे होते. माझे सहाही टायर रबराचे. पृथ्वीवर त्या चांद्रगाडीचं वजन 210 किलोच्या आसपास भरायचं. माझी गाडी डंपरच्या मापाने खरी झाली असती, तर तिला तिथवर नेणारं रॉकेट कुठून आणायचं, हा प्रश्न मी टाळलाच.

रचनेतही तेच. खऱ्या डंपरचा हौदा मागच्या टोकाला बिजागरीवर फिरतो. मी बिजागरी मधोमध दिली, कारण तिथे ती दिसत नव्हती. या विटा वरून दाबल्या की घट्ट बसतात, वर ओढल्या की तशाच निघतात. हौद्यात खडे भरून उचलला, तर बिजागरीच खालच्या पट्ट्या घेऊन वर आली. सांगाड्यातले सगळे जोडही एका रेषेत आलेले. सांधेमोड न करता भिंत रचणाऱ्या गवंड्याला आपण दुसऱ्या दिवशी कामावर बोलावणार नाही.

यावर मी झटपट चिकटणारा गोंद लावला. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं, तेव्हापासून मी एकेक तुकडा जपत होतो. तरी हा उद्योग केला. गोंदाच्या वाफेने केबिनची पारदर्शक काच कायमची पांढुरकी झाली, आणि चुकीचे जोड तेवढे पक्के झाले. उरलेल्या विटांवरची कोळशाची धूळ सोलरच्या गरम पाण्याने धुतली. या विटांना 40 अंशांपुढचं पाणी चालत नाही. लांब पट्ट्या वाकल्या.

आता नव्याने बांधतो आहे. सायलेन्सर काढला, बिजागरी मागे नेली. पण भरलेला हौदा उचलला की पुढची चाकं अधांतरी होतात. वजन पुढे कसं आणायचं ते काकांना विचारायचं आहे. सध्या त्यांची रात्रपाळी चालू आहे, दिवसा ते झोपलेले असतात.