खड्डे टाकले होते का?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त कोयनेचं, पण सुरुवात आमच्या दारव्ह्याच्या काकांपासून.

काकांच्या ट्रॉलीची हुकाजवळची पट्टी वाकली होती. मी तेव्हा नवा नवा फायनाईट एलिमेंट शिकलेला. थोड्या जाड पट्टीचं मॉडेल केलं, तिचे हजारो बारीक तुकडे पाडले (यालाच मेश म्हणतात), एक टोक बांधलं, दुसऱ्याला भरल्या ट्रॉलीची ओढ लावली. पडद्यावर सगळं निळं-हिरवं! लोखंड सोसेल त्याच्या निम्मासुद्धा ताण नाही. वेल्डर म्हणत होता, कोपऱ्यात एक तुकडा जोडू. मीच नको म्हणालो.

ऐन कापसाच्या हंगामात यवतमाळच्या रस्त्यावर पट्टी तुटली. जिथे तिची रुंदी एकदम कमी होते, नेमकी तिथेच. ट्रॉली कडेच्या बांधाला टेकली म्हणून बरं, वर दोन मजूर बसले होते. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुह्या कॉम्प्युटरात खड्डे टाकले होते का रे?"

नव्हते. मी ट्रॉली जणू सिमेंटच्या ओट्यावरून ओढली होती.

पुढे अॅबॅकस या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत चक्क आपली कोयना भेटली. १०३ मीटर उंचीचं धरण. डिझाइनमध्ये भूकंपाचा जोर म्हणजे वजनाच्या ५ टक्के आडवा, स्थिर भार, असं धरलं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणातल्याच यंत्राने नोंदलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा निघाला. भेगा पडल्या त्या मुख्यतः खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीला. १९७३ मध्ये अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी तो नोंदलेला धक्का क्षणाक्षणाने मॉडेलला दिला, तेव्हा मोठा ताण तिथेच दिसला.

वाचताना काकांचाच प्रश्न आठवत होता. सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही हो, पण विचारलं तेवढंच सांगतं.

हल्ली भार लिहिण्याआधी मी चालवणाऱ्याला आणि वेल्डरला विचारतो. काकांच्या नव्या पट्टीला कोपऱ्यातला तो तुकडा आहे. वेल्डरने मला न विचारताच लावला. नंतर खड्ड्यांच्या धक्क्यासकट गणित करून पाहिलं. लागतच होता.

असो.