पल्ला

हिंगोलीच्या काळ्या रानात हरभरा घाट्यावर आला म्हणजे शेतकऱ्याची झोप उडते. रात्री रोह्यांचा कळप शिरतो आणि उजाडेपर्यंत महिन्यांची मेहनत मातीमोल होते. “फादर, मोठ्या गोळीची बंदूक असती तर बांधावरूनच निकाल लावला असता,” असे उद्गार घरभेटींच्या वेळी मी अनेकदा ऐकले आहेत. त्यामागील दुःख खरे आहे. मात्र मोठी गोळी म्हणजे लांबचा नेम, ही समजूत खरी नाही.

हरणाच्या शिकारीसाठी नावाजलेले ‘४५-७०’ हे काडतूस पाहा. अमेरिकी सैन्याने ते १८७३ साली स्वीकारले. त्याची गोळी सुमारे ११.६ मिलिमीटर जाडीची आणि २६ ग्रॅम वजनाची. घाव जबरदस्त, पण वेग मंद. १०० यार्डांवर नेम बसविलेली ही गोळी २०० यार्डांवर सुमारे दोन फूट खाली उतरते. हरणाचे काळीज आणि फुप्फुसे मिळून जेमतेम वीतभर जागा. म्हणून अनुभवी शिकारी या काडतुसाचा खात्रीचा पल्ला १५० यार्डांच्या आसपास मानतात. त्यापलीकडे जनावर मरत नाही. पाय किंवा पोट फुटून ते कुठेतरी तडफडत पडते.

गोळी मात्र तेथे थांबत नाही. १८७९ साली सँडी हूक येथील चाचण्यांत याच जातीच्या बंदुकीची गोळी ३,००० यार्डांहून दूर पोहोचली होती. म्हणजे पल्ले दोन आहेत : एक गोळी जाते तेथवरचा, दुसरा आपण तिची जबाबदारी घेऊ शकतो तेथवरचा. या दोहोंमधील अंतर आपल्या सपाट रानात रिकामे नसते. तेथे शेजाऱ्याचा माळा असतो, आणि त्यावर त्याचा मुलगा राखणीला बसलेला असतो.

रामायणातील दशरथाचा बाण नेमका लागला होता. राजाने आवाजाचा वेध घेतला. पाणी भरणारा श्रावण त्याला दिसला नव्हता. हाताचे कसब डोळ्यांच्या पुढे गेले आणि अंध आईबापांचा आधार तुटला.

कायद्यानेही आपल्या हाताला पल्ला आखून दिला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे केवळ पीक खाल्ले म्हणून त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. रोह्याच्या बाबतीत पिकाची हानी होत असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची वाट आहे. नुकसानभरपाईची तरतूदही आहे. पंचनाम्यासाठी वेळेत अर्ज मात्र करावा लागतो.

ही वाट लांबची आहे, हे मी जाणतो. रात्रभर जागलेल्या माणसाला अर्ज लिहायला सांगणे सोपे नाही. म्हणूनच वाटते, राखण एकट्याची नसावी. चार शेजाऱ्यांनी पाळ्या लावाव्यात, कुंपणाचा खर्च वाटून घ्यावा, आणि ज्याला लिहिता येते त्याने इतरांचेही अर्ज लिहून द्यावेत. रीतसर परवानगीने कोणी बंदूक उचललीच, तर त्याने आधी एवढे विचारावे : समोरच्या जनावरामागे, त्या अंधारात, कोण आहे?